बोअरचे पाणी, ज्वारीची भाकरी आणि उन्हाळ्यातले कोरड्यास

रत्नागिरीहून नोकरीनिमित्त लातूरला आलेल्या एका भगिनीने तीन अडचणी मांडल्या आहेत. तूरडाळ पाच-सहा शिट्ट्या होऊनही कणीदारच राहते, ज्वारीची भाकरी थापतानाच कडेने फाटते, आणि होळी झाल्यापासून बाजारात पालेभाजी महाग व सुकलेली मिळू लागल्याने रोज सकाळी काय करावे हेच सुचत नाही. घरात दोघेही नोकरी करणारे, सकाळी दोन डबे न्यायचे, आणि स्वयंपाकासाठी हाती जेमतेम एक तास.

मी लातूरमध्ये २२ वर्षांपासून शिकवणीसाठी आलेल्या मुलांची खाणावळ चालवते. रोज साठ-सत्तर डबे भरावे लागतात, त्यामुळे या तिन्ही अडचणींशी माझा रोजचा संबंध आहे. ताई, सर्वांत आधी एक सांगते, आपला हात कुठेही चुकलेला नाही. भरपूर पावसाच्या, हलक्या पाण्याच्या आणि भाताच्या मुलखात जी पद्धत उत्तम चालते, तीच आपण कोरडवाहू मुलखात चालवू पाहत आहात. इथला स्वयंपाक पाण्याच्या गुणावर आणि घरातल्या साठवणीवर उभा आहे. त्या दोन्ही गोष्टी एकदा हाताशी आल्या की तासाभरात दोन डबे आणि घरचे जेवण आरामात होते.

डाळीपासून सुरुवात करते, कारण इथे बाहेरून आलेल्या प्रत्येक गृहिणीला पहिला त्रास तिचाच होतो. आपल्या इमारतीला बोअरचे पाणी असेल. ते शेकडो फूट खोल काळ्या खडकातून येते आणि त्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. डाळीच्या दाण्यातल्या पेशी ज्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात, तो शिजताना विरघळला तरच डाळ मोडते. पाण्यातला चुना नेमका त्याच पदार्थाला धरून त्याला घट्ट करतो. म्हणून शिट्ट्या कितीही वाढवल्या तरी डाळ वरून फुटते, मात्र आत कणी राहते. चहाच्या पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तो याच क्षारांचा.

उपाय सोपा आहे. डाळ धुण्यासाठी बोअरचे पाणी चालेल, परंतु भिजवण्यासाठी आणि शिजवण्यासाठी पिण्याचे, क्षार काढणाऱ्या (आरओ) फिल्टरचे पाणी घ्यावे. एक वाटी डाळीला तीन वाट्या, म्हणजे दोघांसाठी अर्धा लिटरच्या आसपास पाणी लागते. फिल्टर नसेल तर रात्री पाणी दहा मिनिटे खळखळ उकळून झाकून ठेवावे आणि सकाळी तळ न ढवळता वरचे नितळ पाणी घ्यावे. उकळल्याने काही क्षार खाली बसतात, सगळे बसत नाहीत, तरीही फरक स्पष्ट दिसतो. डाळ अर्धा तास कोमट पाण्यात भिजवली, त्यात हळद, हिंग आणि चमचाभर तेल घातले आणि पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून पंधरा मिनिटे ठेवली, की ती रवीच्या दोन फेऱ्यांत एकजीव होते.

दुसरे कारण आंबटाचे. चिंच, टोमॅटो, कैरी किंवा आमसूल डाळ पूर्ण शिजण्यापूर्वी कधीही घालू नये, कारण आंबटामुळेही डाळीचा दाणा आवळतो. मिठाबद्दल मात्र उगाच भीती आहे, मिठाने डाळ अडत नाही. आमच्या खाणावळीत एकदा मदतीला आलेल्या नव्या मुलीने वेळ वाचावा म्हणून चिंचेचा कोळ कुकरमध्येच घातला होता. तीन किलो डाळ दीड तास शिजवूनही कणीदार राहिली आणि त्या दिवशी मुलांच्या डब्यात वरणाऐवजी पिठले गेले. तिला रागावण्यात अर्थ नव्हता, तिला हे आधी सांगायला हवे होते ते माझ्याकडून राहिले होते. तेव्हापासून आमच्याकडे चिंचेचे भांडे कुकरच्या ओट्यावर ठेवतच नाहीत.

तिसरे कारण डाळीच्या वयाचे. तूर पौष-माघात निघते. वर्षाहून जास्त काळ उष्ण जागेत पडून राहिलेली डाळ चांगल्या पाण्यातही नीट शिजत नाही. लातूर ही डाळीची मोठी बाजारपेठ आहे, तेव्हा दुकानदाराला नवी डाळ आहे का, हे विचारायला संकोच करू नये. आपल्याच जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मिळाली तर ती एकदा अवश्य करून पाहावी, तिच्या वरणाला वेगळाच गोडवा असतो. हरभरा, मटकी, हुलगा यांसारखी अख्खी कडधान्ये जड पाण्यात अजिबातच शिजत नसतील, तर चिमूटभर, अगदी चिमूटभरच, खाण्याचा सोडा चालतो. रोज मात्र घालू नये, कारण त्याने चव बिघडते आणि डाळीतले ब-१ जीवनसत्त्वही नष्ट होते.

आता भाकरी. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

गव्हाच्या पिठात जो लवचिक चिवटपणा असतो, तो ज्वारीत नसतो. ज्वारीचे पीठ एकत्र धरून ठेवते ते गरम पाण्याने फुललेले सत्त्व. या चिकटपणाला आमच्याकडे ‘विरी’ म्हणतात आणि ‘पिठाची विरी गेली’ असे एखादी बाई म्हणाली, की त्या पिठाची भाकरी कोणाच्याही हाताने होणार नाही असे समजावे. म्हणून भाकरी फाटते तेव्हा आधी पीठ पाहावे. आपण पिशवीतले तयार पीठ आणत असाल, तर ते किती दिवसांपूर्वी दळले आहे याचा पत्ता लागत नाही. ज्वारी आणून निवडून ठेवावी आणि आठवड्याला पुरेल इतकीच, म्हणजे दोघांसाठी दोन-अडीच किलो, गिरणीतून दळून आणावी. दळण गरम असताना डब्यात कोंडू नये, परातीत पसरून गार होऊ द्यावे.

ज्वारी रब्बीची घ्यावी. खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की दाणा काळा पडतो, आणि तिच्या भाकरीला ना रंग येतो ना गोडी. मालदांडी किंवा शाळू म्हणून जी मिळते ती, अथवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी मोती’ हा रब्बी वाण, टपोरा आणि चमकदार दाणा पाहून घ्यावा. जालन्याच्या दगडी ज्वारीचेही नाव चांगले आहे. नवशिक्या हाताला सोपे जावे म्हणून पाच किलो ज्वारीत मूठभर उडीद डाळ घालून दळण्याची पद्धत अनेक घरांत आहे. सुरुवातीचे दोन-तीन महिने आपणही तसे करावे, भाकरी मऊ राहते आणि थापताना दगा देत नाही.

पीठ भिजवताना एका वेळी दोनच भाकऱ्यांचे घ्यावे. दोन वाट्या पीठ परातीत घेऊन मध्ये आळे करावे आणि त्यात वाटीभर खळखळते पाणी ओतावे. हे पाणी कोमट असून चालत नाही, त्याला उकळीच हवी. उलथन्याच्या टोकाने कालवून पाच मिनिटे झाकून ठेवावे. हात घालता येईल इतके निवले की साध्या पाण्याचा हात घेत तळव्याच्या टाचेने पीठ परातीवर पुढे रगडावे, गोळा करावे, पुन्हा रगडावे. तीन-चार मिनिटे हे केल्यावर पिठाचा पोत बदलतो. आधी ते वाळूसारखे सुटे वाटते, मग लोण्यासारखे गुळगुळीत होते आणि परातीला चिकटणे थांबवते. तो क्षण बोटांना कळतो. तिथवर न जाता थापायला घेतल्यामुळेच शंभरातल्या नव्वद भाकऱ्या फाटतात, असे मी माझ्याकडे शिकलेल्या मुलींवरून सांगते.

गोळा दोन्ही तळव्यांत फिरवून त्याच्या कडेला एकही चीर नाही हे पाहावे, कारण गोळ्याची चीर पुढे भाकरीची फाट होते. परातीत पीठ भुरभुरून बोटांनी कडेकडेने थापत भाकरी फिरवत न्यावी. सुरुवातीला मोठी भाकरी करण्याचा हट्ट नको, तळहातापेक्षा थोडी मोठी झाली तरी पुरे. तवा चांगला तापलेला असावा. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी तव्यावर टाकून लगेच ओल्या हाताने वरून पाणी फिरवावे. हे पाणी सुकत आले, पण अजून ओल शिल्लक आहे, अशा वेळी उलटावी. पूर्ण सुकू दिले तर तडे जातात, आणि फार ओली असताना उलटली तर ती तव्याला धरते. दुसरी बाजू खरपूस भाजून झाली की तवा बाजूला सारून पहिली बाजू थेट आचेवर धरावी. चुलीच्या आरासमोर उभी केलेली भाकरी अधिक चांगली होते, परंतु गॅसवरही ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. डब्यासाठी भाकरी न्यायची असल्यास तव्यावरून थेट डब्यात घालू नये. सुती कापडावर टाकून वाफ जाऊ द्यावी आणि मग घडी करावी, नाहीतर तिला घाम सुटून दुपारपर्यंत ती चिवट होते.

पहिल्या पंधरा दिवसांत भाकरी जमली नाही तर त्या पिठाचे धपाटे करावेत. ज्वारीच्या पिठात निम्मे बेसन-कणीक, तीळ, लसूण, तिखट, कोथिंबीर आणि ताक घालून ओल्या फडक्यावर थापावे. दह्याबरोबर आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर धपाटे म्हणजे पूर्ण जेवण आहे, आणि डब्यात ते संध्याकाळपर्यंत टिकतात.

आता रोज काय करावे, या प्रश्नाकडे येते. भाकरीबरोबर जे लावून खायचे, त्याला आमच्याकडे ‘कोरड्यास’ म्हणतात. पातळ असो वा घट्ट, त्याचे नाव कोरड्यासच. कोकणात भाजी, आमटी, भात, कढी असा विचार करावा लागत असेल, इथे एका चांगल्या कोरड्यासावर आणि कच्च्या कांद्यावर जेवण पुरे होते. म्हणून सकाळी बाजाराचा विचार न करता घरातल्या डब्यांचा विचार करावा. मार्च ते जून या काळात माझा स्वयंपाक निम्म्याहून अधिक डब्यांवरच चालतो.

पहिला डबा येसराचा, म्हणजे आमटीसाठी धान्य-डाळ-मसाले भाजून दळलेल्या पिठाचा. आमच्या घरचे प्रमाण असे आहे : गहू, ज्वारी आणि हरभरा डाळ प्रत्येकी एक वाटी, धने अर्धी वाटी, जिरे दोन चमचे, आठ-दहा लाल मिरच्या, थोडी मिरी, लवंग, दालचिनी, तमालपत्र आणि दगडफूल. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा मंद आचेवर खमंग भाजावा. एकत्र भाजू नये, कारण धने जळतात आणि डाळ कच्ची राहते. गार करून हळद घालून बारीक दळून आणावे. हे पीठ तीन महिने सहज टिकते. आमटीच्या वेळी तेलात भरपूर ठेचलेला लसूण लाल करावा, त्यावर कांदा आणि किसलेले सुके खोबरे परतावे, तिखट व मीठ घालून चार-पाच वाट्या पाण्याला उकळी आणावी. चार चमचे येसर थंड पाण्यात कालवून त्या उकळीत ढवळत सोडावे. थेट कोरडे घातले तर गुठळ्या होतात. दहा मिनिटांत आमटी तयार होते, तिच्यात भाकरी कुस्करून खावी. पाहुणे अचानक आले तरी ही आमटी लाज राखते.

दुसरा डबा सांडग्यांचा, आणि हे काम आपण येत्या एप्रिलातच करावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मूगडाळ चार-पाच तास भिजवून पाणी पूर्ण निथळावे आणि लसूण, हिरवी मिरची, जिरे, हिंग व मीठ घालून पाण्याचा थेंबही न घालता जाडसर वाटावी. पहाटे ऊन चढण्याआधी गच्चीवर स्वच्छ कापडावर किंवा प्लास्टिकवर बोराएवढे सांडगे तोडावेत. दुसऱ्या दिवशी ते सुटतात, तेव्हा उलटून टाकावेत. आपल्याकडच्या उन्हात चार दिवसांत वाळतात. वाळले की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. एक सांडगा दातांखाली धरावा, ‘कट्’ असा आवाज आला तरच डब्यात भरावे, नरम लागला तर आणखी एक ऊन द्यावे. सांडगे तेलात तांबूस परतून बाजूला काढावेत, त्याच तेलात कांदा-लसूण व काळे तिखट परतून गरम पाणी आणि सांडगे घालावेत. पंधरा मिनिटांत कोरड्यास होते. काळे तिखट जरा जपून घालावे, अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करावी.

तिसरा डबा हरभऱ्याच्या वाळलेल्या भाजीचा. हरभरा कोवळा असताना त्याचे शेंडे खुडतात, त्यामुळे झाडाला फुटवेही अधिक येतात. तो पाला वाळवून ठेवतात. आपले शेत नसले तरी आठवडी बाजारात शेतकरी बायांकडे विचारल्यास मिळतो. या पाल्याला मुळातच आंब असते, म्हणून त्यात चिंच लागत नाही. लसणाच्या फोडणीत पाणी उकळून त्यात चुरलेला पाला, थोडे शेंगदाणे, हिरवी मिरची आणि शेवटी दोन चमचे ज्वारीचे पीठ कालवून घालावे आणि चांगले घोटावे.

शेंगदाण्याचा कूट हा खरे तर डबा नव्हेच, तो आमचा नारळ आहे. आपण ज्या ठिकाणी ओले खोबरे घालता, त्या बहुतेक ठिकाणी इथे कूट, तीळ किंवा कारळ चालते. दाणे मंद आचेवर साल तडकेपर्यंत भाजावेत आणि पूर्ण गार झाल्यावरच कुटावेत, गरम कुटले तर तेल सुटून गोळा होतो. उन्हाळ्यात कूट आठवड्याचाच करावा. जवसाची चटणी तर त्याहून लवकर खवट होते, तिचा डबा फ्रिजमध्ये ठेवावा.

या डब्यांच्या जोडीला आठवड्यातून एकदा घट्ट डाळकांदा, एकदा उडदाचे घुटे, एकदा पिठले आणि एखाद्या रात्री वरणफळे केली, तर ताजी भाजी आठवड्यात दोनदाच आणली तरी भागते. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळेही करून पाहावेत. आपण रत्नागिरीत ज्याला कुळीथ म्हणता तोच आमचा हुलगा, तेव्हा पिठी करणाऱ्या हाताला शेंगोळे परके वाटणार नाहीत. पीठ तिखट, लसूण आणि थोडी कणीक घालून घट्ट मळायचे, बोटाएवढे वळायचे आणि लसणाच्या उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायचे. सकाळच्या नाश्त्याला सुशीला करावा. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळावेत, कांदा-मिरची-दाण्याच्या फोडणीत परतावेत आणि वर डाळ्याचे पीठ भुरभुरावे. पोह्यांपेक्षा कमी वेळात होतो.

डब्याविषयी एक सावधगिरी सांगते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि सकाळी आठला भरलेला डबा दुपारी एकला उघडेपर्यंत रस्सा आंबू शकतो. ओले खोबरे, बटाट्याची ओली भाजी आणि आदल्या रात्रीचे वरण या दिवसांत डब्यात देऊ नये. झुणका, परतलेला डाळकांदा, कोरडे सांडगे, धपाटे हे पदार्थ टिकतात. भाजी डब्यात भरण्यापूर्वी ताटात पसरून गार करावी आणि मगच झाकण लावावे.

पाण्याच्या काटकसरीचेही लिहायला हवे, कारण आपण लातूरमध्ये आहात. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने या शहराला पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात खाणावळ बंद करावी की काय अशी वेळ आली होती, आणि तेव्हा लागलेल्या सवयी मी आजही सोडलेल्या नाहीत. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी एका बादलीत साठवावे आणि खरकटी भांडी आधी त्यात बुडवून ठेवावीत, म्हणजे घासताना निम्मे पाणी लागते. कुकरमध्ये डाळ, भात आणि बटाटे एकाच वेळी डब्यांत लावावेत. मटकी शिजवलेले पाणी ओतून न देता त्याचे लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन कळण करावे, थोडे ताक घातले की ते फार रुचकर लागते. कोथिंबीर आणल्या आणल्या धुऊ नये, मुळे कापून कागदात गुंडाळून ठेवावी आणि लागेल तेवढीच धुवावी.

दुपारी भूक मंदावते त्या दिवसांत आंबील करावी. चार चमचे ज्वारीचे पीठ रात्री वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवावे, सकाळी दोन वाट्या उकळत्या पाण्यात ढवळत सोडून पाच-सात मिनिटे शिजवावे आणि गार झाल्यावर आणखी ताक, ठेचलेला लसूण, जिरे व मीठ घालावे. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतकऱ्यांच्या सणाला, शेतात नव्या मडक्यातून जी आंबील पितात, ती याच चवीची असते, आणि त्या दिवशीच्या भज्जी या मिश्र भाजीसह ती आपल्याला कुणी शेजारी आग्रहाने पाजतीलच.

सांडगे किती करावेत, हा प्रश्न आपल्याला पडेल म्हणून तेही सांगून ठेवते. दोघांसाठी एक किलो मूगडाळीचे सांडगे आठवड्यातून दोनदा केले तरी मृगाच्या पावसापर्यंत पुरतात. पाऊस पडल्यावर पंधरा-वीस दिवसांनी बाजारात तांदुळजा आणि चिघळ या पालेभाज्या दिसू लागतात. तेव्हा उरलेल्या सांडग्यांना एक कडक ऊन दाखवून बरणीचे झाकण घट्ट लावावे, म्हणजे श्रावणातही ते चांगले राहतात.